दोन किलोच्या वर नाही

आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय तेरावा. ज्ञानाची लक्षणं, त्यातली अहिंसा.

रोज सकाळी इथे येणाऱ्यांची आधी क्षमा मागतो. अडीच महिने इथे काहीही लिहिलं नाही. काही जणांनी मेल करून विचारपूस केली, त्यांनाही उत्तर देणं झालं नाही. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं, मायट्रल व्हॉल्व्ह म्हणजे डाव्या बाजूची झडप बदलली. ती आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या जिवाला घोर नको.

या काळात पोथी रोज उघडली असं म्हणालो तर खोटं होईल. हॉस्पिटलात ती पिशवीत होती, एवढंच. बारावा अध्याय संपत आला होता तिथे खूण घातलेली, ती तशीच राहिली. घरी आल्यावर तेरावा सुरू केला आणि अहिंसेपाशी अडकलो. मूळ श्लोकात अहिंसा हा एकच शब्द आहे. माउली त्या एका शब्दावर शंभराहून जास्त ओव्या बोलतात. मी याआधी दोनदा या ओव्या वाचल्यात आणि दोन्ही वेळा मनात म्हटलंय, हे आपल्याला लागू नाही, आपण कुठे कुणाला मारतो. या वेळी तसं म्हणता आलं नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

लहानपणी गावी तिचा एकदा घसा धरला, ताप आला, मग गुडघे आणि घोटे सुजले. वाढीचं वय आहे म्हणून घरच्यांनी तेल चोळलं. आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा खेळायला लागली. तो संधिवाताचा ताप होता. सांधे त्यातून मोकळे होतात, पण हृदयाची झडप मात्र वर्षानुवर्षं हळूहळू जाड आणि अरुंद होत राहते. आमच्या लेकीच्या वेळी ती पोटुशी असताना तपासणीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला, इको केला, तेव्हा हे कळलं. तेव्हा त्रास किरकोळ होता. दरवर्षी इको करा, सांगितलं होतं.

पहिली दोन वर्षं केला. पुढची चार वर्षं राहून गेला. लेकीची शाळा, माझी नोकरी बदलणं, घराचं कर्ज, कारणं काय, पायलीला पन्नास. ऑफिसच्या सर्व्हरचा अलर्ट आला तर मी रात्री तीन वाजता दोन मिनिटांत लॅपटॉप उघडून बसतो. इकोचं रिमाइंडर माझ्याच फोनवर दरवर्षी येत होतं. मी ते दरवर्षी पुढे ढकलत होतो. यंदा गणपतीत ती आमचा तिसरा मजला चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली, रात्री दोन उशा घेऊन अर्धवट बसून झोपायला लागली, तेव्हा गेलो.

सर्जनने टेबलावर दोन झडपांचे नमुने ठेवले. एक धातूची. ती आयुष्यभर टिकायची शक्यता मोठी, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि त्या गोळीवर गरोदर राहणं आईला आणि बाळाला दोघांना धोक्याचं. दुसरी प्राण्याच्या ऊतीची, गाईच्या हृदयाच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून केलेली. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही, पण ती झिजते, आणि तरुण माणसात लवकर झिजते. म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा छाती उघडायची. सर्जनने समजावून सांगितलं आणि तिच्याकडे बघितलं. ती तो नमुना हातात घेऊन झडप उघडझाप करून बघत होती. मी म्हणालो, "मेटल."

घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत म्हणाली, "मला दुसरं मूल हवंय की नको, ते मला अजून ठरवायचं होतं. आता ठरवायची गरज नाही."

मी तिला टिकाऊपणा, दुसऱ्या ऑपरेशनचा धोका, सगळं परत सांगितलं. तर्क बरोबर होता, आजही बरोबर वाटतो. पुढच्या भेटीत सर्जनने तिला एकटीला बसवून पुन्हा विचारलं आणि तिने स्वतः धातूची झडप म्हणून सही केली. निर्णय तोच झाला. पण तो तिने घेतला, की मी घेतलेला तिने मान्य केला, हे मला अजून सांगता येत नाही.

इथे आईची एक गोष्ट सांगायला हवी. आईच्या गळ्यात माळ आहे, चाळीस वर्षं वारी चुकली नाही. गाय-डुकराचं ऐकून ती काय म्हणेल याची मला धास्ती होती. ती म्हणाली, "जिवाला लागेल ते घाला. माळेचं माझं मी बघीन." पुढे मला कळलं, की धातूची झडप घेतली तरी ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात, ते बहुतेक डुकराच्या आतड्यापासूनच काढतात. ते मी आईला सांगितलं नाही. तिने विचारलं तर सांगेन.

आता ओव्यांकडे येतो. अहिंसा सांगताना माउली आधी, अहिंसा काय नाही, ते सांगतात, आणि तिथे ते चांगलेच कडक होतात. कुणी झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालावं, देऊळ पाडून देवाला आवार बांधावं, अशी उदाहरणं देतात. मग आयुर्वेदालाही सोडत नाहीत. एका जिवाला वाचवायला दुसऱ्या जिवाचा घात, मुळं उपटा, साली सोला, आणि त्याला म्हणायचं काय, तर दया. हे वाचलं आणि पोथी मिटून ठेवली. त्या दिवशी मला राग आला, खरं सांगतो. माझ्या बायकोच्या छातीचं हाड मधोमध करवतीने कापलं, हृदय थांबवलं, तेवढा वेळ यंत्राने रक्त फिरवलं, झडप कापून काढली, नवी शिवली, हाड पोलादी तारांनी परत बांधलं. हे केलं नसतं तर ती आज नसती. शके १२१२ मध्ये नेवाशाला बसून बोलणं सोपं आहे, असं मनात येऊन गेलं. माउली क्षमा करोत.

दोन-तीन दिवसांनी परत उघडली तेव्हा वेगळं दिसलं. अभ्यासकांनी चूक असेल तर सांगावी, पण मला वाटतं, माउलींचा रोख नावावर आहे. कापावं लागलं तर कापलं म्हणा, त्याला दया म्हणून झाकू नका. आणि या कसोटीला सर्जन उतरतो. त्याने कधीच आपल्या कापण्याला प्रेम म्हटलं नाही. काय कापणार, काय बिघडू शकतं, ते सगळं आधी सांगितलं, कागदावर लिहून दिलं, तिची सही घेतली, मगच हात लावला. घरी आल्यानंतर मी जे केलं त्याला मात्र मी काळजी म्हणत होतो, आणि सही कुणाचीच घेतली नव्हती.

काय केलं? मी एक शीट केली. पहिल्या दिवसापासून. वजन, बीपी, नाडी, ऑक्सिजन, किती मिनिटं चालली, किती पाणी प्यायली, श्वास आत ओढायच्या खेळण्यातले तीन बॉल किती वेळा वर गेले, आयएनआर किती. यातलं बरंचसं खरोखर लागतं. सकाळचं वजन एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतंय हे कळतं. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं त्याचा आकडा, तो मायट्रलच्या धातूच्या झडपेला साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. तेव्हा शीट मूर्खपणाची होती असं नाही. पण हळूहळू शीटला जे आवडतं ते घरात व्हायला लागलं. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो असं वाचलं आणि मी मेथी, पालक, कोथिंबीर सगळं बंद केलं. तिला मेथी जीव की प्राण. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत सांगितलं, बंद करू नका, दर आठवड्याला साधारण सारखीच खा, गोळीचा डोस त्याप्रमाणे बसवता येतो. मी मान डोलावली आणि तरीही आणली नाही. आकडा नुकताच जागेवर आला होता ना.

शीटमध्ये शेवटचा एक रकाना होता, मूड, १ ते ५. या ऑपरेशननंतर कित्येकांना काही आठवडे उदास वाटतं, विनाकारण रडू येतं, हे आम्हाला आधी सांगितलं होतं. म्हणून मी तो रकाना केला होता आणि तिला न विचारता मीच भरत होतो.

पाचव्या आठवड्यात तिने लेकीच्या शाळेचं काहीतरी बघायला माझा लॅपटॉप उघडला. शीट समोरच होती. मी चहा घेऊन आत आलो तर ती म्हणाली, "मंगळवारी मी दोन होते?"

मी म्हणालो, "तू रडत होतीस ना."

"मी रडत होते कारण लेक मिठी मारायला धावत आली आणि तू तिला मध्येच अडवलंस. मी दोन नव्हते. मला राग आला होता. तुझ्या शीटमध्ये रागाचा रकाना आहे का?"

मग बरंच काही बाहेर आलं. रिक्षातलं आलं, मेथीचं आलं. रात्री मी जागा राहून तिच्या छातीकडे कान लावतो, ते तिला कळत होतं. धातूची झडप बंद होताना बारीक टिकटिक होते, शांत खोलीत शेजारच्याला ऐकू येते. लेक तिला आईचं घड्याळ म्हणते. मी रात्री ती टिकटिक मोजायचो. बायको म्हणाली, "मी झोपायचं नाटक करते, कारण मला झोप लागली की तुला बरं वाटतं. माझं दुखणं माझं आहे की नाही, अरे?"

मी म्हणालो, माझ्याकडून चार वर्षं इको राहिला, आता काहीही राहू द्यायचं नाही मला.

ती गप्प बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "ते ओझं तुझं आहे. ते माझ्या छातीवर ठेवू नकोस. मला दोन किलोच्या वर उचलायचं नाहीये."

छातीचं हाड जुळेपर्यंत वजन उचलायचं नाही, दोन्ही हात एकदम डोक्यावर न्यायचे नाहीत, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची, हे नियम मीच मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवले होते.

मला खरा प्रश्न पडला तो तिथे. सेवा कुणासाठी असते? मी जे करत होतो त्याने तिचा फायदा झाला, हे खरं आहे. औषध एकदाही चुकलं नाही. पण मी ते करत होतो माझ्या मनातली भीती आणि अपराधीपणा शांत व्हावा म्हणून, आणि त्याची किंमत तिच्याकडून वसूल होत होती. तिने कधी उठायचं, काय खायचं, किती रडायचं, हे मला बरं वाटेल अशा बेताने. फळाची आशा धरू नये, हे दुसऱ्या अध्यायात आपण सगळेच वाचतो आणि पगारवाढीला लावतो. बायकोच्या आयएनआरला ते कधी लावलं नव्हतं. आणि लावायचं तरी कसं? तिच्या बरं होण्याची आशा सोडू? ते मला जमणार नाही आणि जमावं असंही वाटत नाही. तेवढी गाठ अजून सुटलेली नाही, ती इथे तशीच ठेवतो. पण ती बरी होणं ही एक आशा आणि ती माझ्यामुळे बरी होणं ही दुसरी, एवढं आता वेगळं दिसतं. पहिली तिच्यासाठी आहे. दुसरीत माझी मागची बाकी फेडून घ्यायची घाई आहे.

अहिंसेच्या ओव्यांत पुढे माउली अहिंसक माणसाचं चालणं सांगतात. कमळातला केसर चुरडेल म्हणून भुंगा जपून पाय ठेवतो, तसं. मांजरी पिल्लाला तोंडात धरते तेव्हा दात लागतात, पण रुतत नाहीत, तसं. मग बोलणं येतं, की या माणसाचं आधी प्रेम पोहोचतं आणि शब्द त्याच्या मागून येतात. सर्जनच्या खोलीतला माझा एक शब्द आठवला. मेटल. मग हातांचं वर्णन येतं. हे हात उचलले जातात ते नमस्काराला, भ्यालेल्याला धीर द्यायला, पडलेल्याला उठवायला, दुखावलेल्याला अलगद स्पर्श करायला. आणि इथे एक बारकावा आहे, जो याआधी दोन्ही वेळा माझ्या नजरेतून सुटला होता. माउली म्हणतात, हेसुद्धा तो भीडेखातर करतो. मदतीचा हातसुद्धा उठू उठू करत नाही. समोरच्याची गरज त्याला उठवते, तेव्हाच उठतो.

माझे हात सतत उठलेले होते.

एक काम मात्र या काळात मी बरं केलं, असं तीच म्हणते. तिचे केस लांब आहेत आणि हात वर न्यायचे नाहीत, त्यामुळे वेणी घालणं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी तीन पेड घेऊन बसलो आणि गुंता ओढला, ती "आई गं" म्हणाली. ओढ डोक्याला बसली तरी झटका छातीपर्यंत जातो, हे मला तेव्हा कळलं. लेकीने शिकवलं, खालून विंचरायचं, वरून नाही. सहा वर्षांची पोर, कमरेवर हात ठेवून उभी होती. तेव्हापासून रोज सकाळी वेणी मी घालतो. त्याचा रकाना शीटमध्ये नव्हता, कारण त्यात मोजण्यासारखं काहीच नव्हतं. ती आरसा धरून बसते आणि सांगते, सैल कर, आता घट्ट, तो पेड सुटला. मी तिने सांगितलं तेवढंच करतो. दिवसातला तेवढा वेळ ती काय म्हणते ते मला नीट ऐकू यायचं, आणि ते तसं का, हे भांडण होईपर्यंत लक्षात आलं नाही.

शीट अजून आहे. ती आता तिच्या फोनवर आहे आणि तीच भरते. मूडचा रकाना तिने काढला नाही, त्याचं नाव बदलून 'नवरा' केलंय. काल मी तीन होतो. का, ते सांगितलं नाही.

परवा दहा आठवडे झाले. तपासणीत हाड छान जुळलंय म्हणाले, हळूहळू सगळं सुरू करा. आज सकाळी वेणी झाल्यावर तिने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "मेथी घेऊन येते. एकटीच जाते."

तीन मजले खाली, तीन मजले वर. मेथीची जुडी काही दोन किलोची नसते, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. हळू जा, कठडा धर, फोन घे, हे तिन्ही ओठांवर आले. मी विचारलं, "पिशवी देऊ?"

"दे."

ती गेली. मी पोथी समोर घेऊन बसलो, पण वाचत नव्हतो, पावलं मोजत होतो. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि मी अर्धा उठलो. मग शेजारच्या काकूंचा आवाज आला, त्यांनीच थांबवलं होतं. पुन्हा बसलो. थोड्या वेळाने खिडकीतून तिचा भाजीवाल्याशी घासाघीस करतानाचा आवाज वर आला, पंधराला दोन दे म्हणत होती. तो देत नव्हता.

उद्या यापुढच्या ओव्या.

राम कृष्ण हरी.